निंबावरचे वटवटे

२ मार्च, रवि.
उजाडायच्या आत निघालो. मोर्शी रस्त्याला अजून गारवा. रज्जाकभाईचा आज पहिला रोजा. पहाटेची सहेरी करून हा जुना दोस्त आपल्या बागेच्या फाटकाशी हजर. त्याच्यासमोर चहा प्यायला नको म्हणून थर्मास डिकीतच ठेवला. "पे न बाप्पा, माह्यासाठी कावून मरतं," म्हणाला. नाही प्यालो.
संत्र्याला आंब्या बहार बरा धरलाय, फळं मटाराएवढी. गव्हावरून काळ्या डोक्याचे भारीट, थवेच्या थवे. पळसावर भोरड्यांचा कल्ला. लाल छातीचा माशीमार अजून मुक्कामाला.
बागेच्या कडेच्या धुऱ्यावरचा निंब मात्र गप्प. पर्ण वटवटे थंडीभर तिथं असतात, एप्रिल सरताना उत्तरेकडे परततात. एवढासा हिरवट जीव, पानांत दिसणं मुश्कील, बारीक धारदार आवाजावरूनच कळतो. रज्जाकभाईची नि माझी वाटणी जुनी आहे, डोळे त्याचे, कान माझे. तो पंपाकडे होता, मी एकटाच निंबाखाली बराच वेळ उभा राहिलो. काही नाही.
घरी येऊन पक्षिमित्रांच्या ग्रुपवर टाकलं: मोर्शीकडचे पर्ण वटवटे यंदा फार लवकर गेले.

४ मार्च
ग्रुपवर चर्चाच चर्चा. ऊन लवकर तापलं, फवारण्या वाढल्या, ज्याला जे सुचेल ते. अकोल्याच्या खंडारे मॅडम (कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात) म्हणतात, आमच्याकडे अजून भरपूर बोलताहेत. मी लिहिलं, नवीन माणसाची शिंपी आणि वटवट्यात गल्लत होते. त्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. जरा जास्तच झालं बहुतेक. पण आवाज ओळखायला सगळे रेकॉर्डिंग मलाच पाठवतात, ते काय उगीच?

७ मार्च
सुनंदा भडकली. फ्रिजचं दार उघडं राहिलेलं आणि मी शेजारी पेपर वाचत बसलेलो. "कवाचा बोंबलून राहिला थो फ्रिज, अन् तुमी ढिम्म." फ्रिज बोंबलतो हेच मला माहीत नव्हतं. नवीन आहे, असेल काही सोय.

९ मार्च, रवि.
बाग. रज्जाकभाई निंबाखाली थबकला, मान तिरकी करून उभा राहिला. विचारलं, गेले ना? "हो न. गेले असतीन," म्हणाला आणि भराभरा पुढे चालू लागला. एरवी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी वाद घालणारा माणूस. रोजा लागला असेल.

१४ मार्च
धुळवड. बाहेर पडलो नाही. दुर्बिणीच्या काचा पुसल्या.

१६ मार्च, रवि.
लिहायला जड जातंय.
निंबाच्या खालच्या फांदीवर वटवट्या दिसला. अगदी समोर, उन्हात. चोच उघडली, मिटली, गळा थरथरला. परत. परत. आवाज नाही. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर दिसतं तसं. होला घुमत होता, दूरचा ट्रॅक्टर, पाचोळ्यावरचे रज्जाकभाईचे पाय, सगळं ऐकू येत होतं. फक्त तो नाही.
दुर्बीण खाली घेतली. रज्जाकभाई पाखराकडे नाही, माझ्याकडे पाहत होता.
"बोलून राहिला का थो?" मी विचारलं.
"हो."
"मागच्या रविवारीबी?"
"हो. त्याच्या आंधीबी. पंपावरून आयकले मी."
"मंग खोटं कावून बोलला?"
"तू ग्रुपवर टाकून बसला होता, भाऊ. अन् कानाचं तुले मी कसं सांगू? कान तं तुये होते."
राग आला. त्याचा, माझा, त्या पाखराचासुद्धा. गाडी काढली.

१७ मार्च
फर्स्ट शिफ्ट. आयुष्य सूतगिरणीत, रिंग फ्रेमच्या खात्यात गेलं. नांदगाव पेठेत कंपनी आली तेव्हापासून तिथंच आहे. मशिनींच्या गोंगाटात कुणी तोंडानं बोलत नाही, सगळं हातानं. धागा तुटला, साहेब आला, जेवायला चल, सगळ्याच्या खुणा. तळहात आडवा धरून सावकाश खाली नेला की मशीन बंद. कंपनी कानात घालायला बोंडं देते. माझी खिशात असतात आणि धुण्यात निघतात. खात्यात घालणारा माणूस भित्रा म्हणून ओळखला जायचा. आज घातली. पोरं हसली.

२० मार्च
राजापेठेत कानाचे डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले. कागदावरची रेघ सुरुवातीला सरळ, मग चिखलदऱ्याचा घाट उतरावा तशी खाली. जाड आवाज ठीक, बारीक गेले. गेले ते परत येत नाहीत, पण कानाला मशीन लावून पाहू, म्हणाले. वापरून बघायची जोडी मागवावी लागेल, यायला महिनाभर. मी विचारलं, वटवट्या ऐकू येईल का? त्यांनी विचारलं, म्हणजे काय?
महिनाभर म्हणजे एप्रिल सरलाच. वटवटे तोवर थांबले तर थांबले.
भीती वाटली. म्हातारपणाची नाही. ऑक्टोबरात ते परत येतील आणि मला पत्ताही लागणार नाही, याची.

२३ मार्च, रवि.
गेलो नाही. सुनंदाला सांगितलं, सर्दी आहे. ती म्हणाली, तुम्हाला सर्दी कधी होते मला माहीत आहे.

२५ मार्च
ग्रुपवर लिहिलं. वटवटे गेले नव्हते, मला ऐकू येत नाहीत. खंडारे मॅडमचं बरोबर होतं. पाठवलं आणि फोन उशीखाली सारला.
मॅडमचा फोन आला. समजुतीच्या गोष्टी नाहीत, काही नाही. आमच्या रेकॉर्डिंगचं आता कोण पाहणार, एवढंच विचारलं. पाहणार नाही, ऐकणार, म्हटलं. दोघंही हसलो.

३१ मार्च
ईद. सुनंदाला घेऊन मोर्शीला. भाभींनी शीरखुर्म्याच्या वाट्यांवर वाट्या वाढल्या. पाखरांचा विषय कुणी काढला नाही. निघताना रज्जाकभाई म्हणाला, चल, बाग पाहून घे.
निंबाखाली उथळ आळं खणलेलं, संत्र्याच्या लाइनीतून एक नळी तिकडे ओढलेली. निंबाला कुणी पाणी देतं का?
"निंबाले नाही. पानी पाहून पाखरं खाली उतरतेत. खाली आले का डोयानं दिसतीन."
मी आळ्याकडेच पाहत राहिलो. याच्यावर रुसून बसलो होतो मी.

६ एप्रिल, रवि.
उलटी वाटणी. तो ऐकतो, मी पाहतो. ऐकणाऱ्याला काय ऐकायचं ते माहीत नाही आणि ज्याला माहीत आहे त्याला ऐकू येत नाही. एक सूर की दोन? शेवटी वर जातो की खाली? "मले काय म्हाईत, चीं करते," म्हणाला. भांडलो. पण चिमणी आणि वटवट्या वेगळे काढायला लागला. पाखरू बुजू नये म्हणून त्याला खात्यातल्या खुणा शिकवल्या. भराभर उचलल्या. डावीकडे बोलतोय, वर बोलतोय, गप्प झाला.

१३ एप्रिल, रवि.
उन्हाचा चटका सकाळपासूनच. आळ्यात पाणी सोडून संत्र्याच्या झाडामागे बसलो. बुलबुल, चष्मेवाले, एक शिंपी. मग सगळे एकदम उडाले आणि काठावर जो उतरला त्याला पाहून रज्जाकभाईनं माझं मनगटच धरलं. निळं डोकं, काळी पट्टी, पोट विटकरी, पंखावर पांढरा ठिपका. निळ्या डोक्याचा कस्तूर! केरळातून हिमालयाकडे निघालेला, वाटेत मोर्शीला पाणी प्यायला थांबला. या बागेत आजवर कधीच नाही. मनसोक्त अंघोळ केली, पंख झटकले, संत्र्यात शिरला. तोंडातून चकार शब्द काढला नाही. माझ्यासारख्याला असाच पाहुणा हवा.
फार दिवसांनी मोकळं वाटलं.

१४ एप्रिल
खंडारे मॅडम अकोल्याहून आल्या. दुपारपर्यंत आळ्यापाशी बसल्या. कस्तूर गेलेला. रज्जाकभाईनं संत्र्याचं सरबत पाजून परत पाठवलं.

२० एप्रिल, रवि.
वटवटे अजून आहेत. रज्जाकभाईच्या खुणेवर मानायचं. मीही एक पाहिला, आळ्यावर, क्षणभर. आता कमी बोलतात म्हणे.

२२ एप्रिल
मशीन आली. दोन्ही कानांत. दवाखान्याच्या जिन्यावर माझ्याच चपलांचा आवाज ऐकून दचकलो. घरी सुनंदाच्या बांगड्या. पेपरचं पान उलटलं तर केवढा आवाज. मुद्दाम फ्रिजचं दार उघडं ठेवलं. खरंच बोंबलतो. तिथंच उभा राहून ऐकत होतो, सुनंदा म्हणाली, आता बंद करता का?
रज्जाकभाईला फोन केला. आहेत का? "आहेत. पन दोनचारच. लवकर ये." शिफ्ट बदलून मिळेना. रविवारपर्यंत थांबा रे.

२७ एप्रिल, रवि.
अंधारातच पोचलो. रज्जाकभाईनं कानातली मशीन निरखून पाहिली. निंबाखाली उभे राहिलो. पानं वाजताना ऐकली. एवढी बारीक वाजतात हे विसरलो होतो. शिंजिर ऐकला, बुलबुल, खारीचं चिकचिक. वटवट्या नाही.
ऊन वर आलं. तो मान तिरकी करून ऐकत होता, मी त्याच्याकडे पाहत होतो. शेवटी म्हटलं, "रज्जाकभाई, खरं सांग. आहेत का?"
त्यानं वर निंबाकडे पाहिलं. मग तळहात आडवा धरला आणि सावकाश खाली नेला. मशीन बंद.
"कवा गेले?"
"काल होते," म्हणाला. माझ्याकडे न बघता.
चहा घेतला, सरबत घेतलं, यंदाच्या भावाबद्दल बोललो. निघालो तेव्हा फाटकापर्यंत नेहमी येतो तसा आला नाही. गाडी वळवताना आरशात दिसला. निंबाखालीच उभा होता, मान तिरकी.
मागे वळून विचारावं असं वाटलं. विचारलं नाही.
घरी येऊन ग्रुपवर टाकलं: मोर्शी, पर्ण वटवटे गेले. नोंद रज्जाकभाईची.