मागं येणारा रिमोट

शनिवार, १३ सप्टेंबर

रिमोटवर म्हशीनं पाय दिला. ड्रोन तेव्हा वर होता!

म्हैस दावं तोडून सुटली. मी ड्रोन तसाच वर तरंगत ठेवला, रिमोट जमिनीवर ठेवला आणि तिला धरायला पळालो. अख्खं परडं मोकळं पडलेलं, पण बाईसाहेब गेल्या त्या रिमोटवरूनच. ड्रोन उसात कोसळला. अंगभर कुसळं टोचून घेऊन शोधून काढला. पंखे शाबूत आहेत. रिमोटचा मात्र पापड.

शालूबाई दारात उभी राहून हसत होती. "मिल्ट्रीत असलंच करायचासा व्हय?" बायको आहे म्हणून सोडली.

ड्रोन पोरानं पुण्याहून पाठवलाय, बाबांचा वेळ जावा म्हणून. वेळ जातोय, पण मुद्दा तो नाही. दसरा तोंडावर आलाय!

रविवार, १४ सप्टेंबर

प्लॅन कुणाला सांगितलेला नाही. इथं लिहितो.

जोतिबा माझा धाकटा भाऊ. बोळाच्या पलीकडं त्याचं घर. सहा वर्षं बोलणं नाही. दसऱ्याला धाकट्यानं थोरल्याच्या घरी यायचं, आपट्याचं पान हातात द्यायचं, पाया पडायचं, ही रीत. सहा दसरे गेले, गडी आला नाही. आणि मी थोरला असून त्याचा उंबरा चढू? जमणार नाही! पण ड्रोन गेला तर मी गेलो असं होत नाही. ड्रोनला पानं बांधायची, त्याच्या गच्चीवर नेऊन सोडायची. सोनं पोचलं, मान राहिला. गावात असली अक्कल दुसऱ्या कुणाला सुचेल?

भांडण कशावरनं, तेही लिहितो. मी रिटायर होऊन आलो तेव्हा गावानं मिरवणूक काढली. ट्रॅक्टरवर उभा, फेटा, गुलाल, हलगी. सगळी पोरं मला बघून छाती काढून चाललेली. तेवढ्यात जोतिबानं माईक घेतला — "आमच्या दादानं आख्खी नोकरी जवानास्नी गरम गरम पुऱ्या खाऊ घातल्या!" झालं! बॉर्डरवरचा हंबीरराव, म्हणजे मी, तिथंच संपला. तेव्हापासून मी पुरी-हवालदार. अरे, लंगर म्हणजे फौजेची चूल, ती काय बॉर्डरवर नसते? उणे वीसमध्ये कणीक मळून बघ म्हणावं!

मी तिथंच सगळ्यांसमोर म्हणालो, माझ्या दारात पाय ठेवू नगंस. रागात माणूस बोलतो. एवढं मनावर घ्यायचं असतं का?

मंगळवार, १६ सप्टेंबर

सांगलीला जाऊन आलो. जिनेशचं दुकान. पोरगा गोड बोलतो, पण गिऱ्हाईक सोडत नाही.

त्यानं दोन रिमोट पुढं ठेवले. स्वस्तातला म्हणजे जत्रेतलं खेळणं. हलवला की आत काहीतरी वाजतं. दांड्या करकरतात. सिग्नल तुटला की ड्रोन आहे तिथं खाली. महागडा हातात घेतला आणि खाली ठेववेना. काय वजन! काय पडदा! दांड्या लोण्यातनं फिरल्यासारख्या. आणि सिग्नल तुटला तर ड्रोन आपोआप मागं येतो, जिथनं उडाला तिथं. माघार घेणारं यंत्र!

किमतीत म्हशीएवढा फरक. मी म्हटलं, पितृपक्ष चालू आहे, नवी वस्तू घ्यायची नाही. जिनेश म्हणाला, "काका, घेऊच नका. दोन्ही नुसते न्या. दसऱ्याला मुहूर्तावर एक ठेवा, एक परत आणा." दोन्हींच्या चिपा ड्रोनमध्ये कशा बदलायच्या तेही शिकवलं. जैनाच्या पोराला आमचा पितृपक्ष माझ्यापेक्षा जास्त कळतो.

बुधवार, १७ सप्टेंबर

महागडा हातात धरून बसलो. नुसताच. चहा गार झाला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

महागड्यावर चाचणी. बोळ ओलांडला, जोतिबाच्या गोठ्याच्या पत्र्यावर गेला आणि सिग्नल गुल! ड्रोन गर्रकन वळून माझ्या पायाशी येऊन बसला. परत सोडला. परत आला. चार वेळा तेच. शालूबाई म्हणते, "मालकावर गेलंय."

स्वस्तातला लावून बघायचं धाडस नाही. तिथं पडला तर आणायला मला जावं लागेल. म्हणजे उंबरा. म्हणजे झालंच की सगळं!

निर्णय: महागडा. पेन्शन गेली चुलीत.

बुधवार, २४ सप्टेंबर

जिनेशला फोन. "काका, उंचावर उभं राहा, पत्र्याच्या वरनं सिग्नल जाईल." कॉटवर स्टूल, स्टुलावर मी. ड्रोन पत्र्याच्या पुढं गेला! गच्चीच्या कठड्यापर्यंत गेला! स्टूल हललं, मी खाली, ड्रोन वळून माझ्या शेजारी. कंबर धरली आहे. पण मार्ग सापडला.

जोतिबा चुन्याची बादली घेऊन गच्चीवर जाताना दिसला. सणाला घर रंगवतोय. रंगव बाबा. आम्ही काय पडक्यात राहतो?

रविवार, २८ सप्टेंबर

पाऊस. सराव नाही. जोतिबा पावसातनं गच्चीवर गेला, कपाळाला हात लावला आणि खाली आला. उघड्यावर चुना फासल्यावर दुसरं काय होणार! मला बरं वाटलं.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. सत्यानाश!

शस्त्रं पुजायची म्हणून पाटावर विळा, कोयता, खुरपं मांडलं. शेजारी मीच दोन्ही रिमोट ठेवले. फौजी माणूस, हत्यार पुजल्याशिवाय चालवत नाही. आपट्याची पानं बघायला म्हणून जरा बाहेर गेलो. येऊन बघतो तर महागडा दिसेना! पाटावर कुंकवाचा ढीग आणि त्यातनं दोन दांड्या वर आलेल्या. वर हळद. त्यावर नारळाचं पाणी. स्वस्तातल्याला मात्र एक बारीक टिकली.

"आगं, हे काय केलंस!"

"महागाचा हाय न्हवं? मग मान नगं? त्या दुसऱ्याला काय, टिकली बास."

दांडी हलवली. कर्रर्र. मग तीही बंद. पडद्यावर पिवळं पाणी. ब्रशनं घासला, उन्हात ठेवला, फुंकून फुंकून माझंच तोंड लाल झालं. जिनेशला फोटो पाठवला. तो म्हणाला, "काका, ह्याची वॉरंटी आता देवीकडं."

चिडलो, ओरडलो. शालूबाई शांतपणे देवीच्या नैवेद्याच्या कडाकण्या तळत बसली. असली बाई कुठं बघितली नाही!

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

स्वस्तातला. दुसरा इलाजच नव्हता.

पाच पानं दोऱ्यानं ड्रोनच्या पोटाला बांधली. स्टुलावर चढलो. शालूबाईनं स्टूल धरलं. ड्रोन निघाला, वेडावाकडा, डुलत. बोळ झाला. पत्रा झाला. कठडा ओलांडला — आणि सिग्नल गेला. मागं आला नाही. धप्प!

गच्चीवर भांडं पडल्याचा आवाज. मग जोतिबाचा आवाज. सहा वर्षांनी.

"दादा! आवं, तुमचं इमान पडलंय हितं!"

तो आधी बोलला! जिंकलो! उत्तर द्यायचं सोडून स्टुलावरनं उतरलो. घरात आलो आणि कडी लावली. शालूबाई म्हणाली, "आता काय रडताय?" म्हटलं, स्टूल लागलं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

फौजेत सामान टाकून येत नाहीत. या एका कारणासाठी गेलो. उंबरा चढलो. जोतिबानं गच्चीकडं बोट केलं.

ड्रोन वाळत घातलेल्या घेवड्यात पडला होता. शेजारी चुन्याचं भलंमोठं रिंगण. जुनं, पावसानं पुसलेलं. त्यावर नवं गिरवलेलं. मधे पाट, पाटावर आपट्याची पानं. विमानाला उतरायला खूण केलेली.

"रोज यायचं अन् मागं जायाचं," जोतिबा म्हणाला. "मला वाटलं, जागा दिसत न्हाई."

म्हटलं, उद्या सगळे आमच्याकडं जेवायला. पुऱ्या मी तळणार.

घरी येऊन शालूबाईला रिंगणाचं सांगायला लागलो. तिनं मान वर केली नाही. "ठावं हाय. त्यांच्या चुन्याला बादली आपलीच गेलीया. मागं येनाऱ्याला मूठभर कुंकू उगंच लावलं व्हय मी?"