डीपी बंद

मंगळवार, ७ जानेवारी

आज सदतीस मेसेज उडवले. फुलं, सुविचार, भीमाच्या वाढदिवसाचे बॅनर! ग्रुप काढला कशासाठी? आमच्या डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, पाण्याच्या बावीस मोटारी. वायरमन वेळेवर येत नाही, म्हणून जो तो स्वतःच खटका पाडून वीज तोडतो, खांबावर चढतो, तार जोडतो. त्याआधी ग्रुपवर टाकायचं – डीपी बंद. काम झालं की – चालू करा. एवढंच! त्यात केक कशाला?

संध्याकाळी शेजारच्या परवेजचा फोन. फुलांबरोबर मी त्याचा ‘डीपी बंद’ही उडवला म्हणे. "वहिनी, मी वर होतो. बघून तरी पुसत जावा." चुकलं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं – तुम्हीच जरा नीट लिहीत जा.

बुधवार, ८

चूक एक, तक्रारी चौदा! भीमा लिहितो, बाईमाणसाला अ‍ॅडमिन केलं की असंच व्हायचं. आमचे हे लोणी देवकरला कंपनीत. ऊस मी बघते, मोटार मी चालू करते – तेव्हा नाही बाईमाणूस आठवत! आणि परवेजनं त्याला अंगठा दिला. तो फार झोंबला.

ग्रुप बंदच केला. आता फक्त अ‍ॅडमिन लिहिणार. परवेजचं चॅटही म्यूट करून आर्काइव्हमध्ये ढकललं. बसा म्हणावं बोंबलत!

गुरुवार, ९

काय शांतता! खोड मोडली एकेकाची.

शुक्रवार, १०

सकाळी मोटार उचलेना. सासऱ्यांनी, आबांनी विचारलं, ग्रुपवर काय हाय का? मी बघितलं, म्हटलं काही नाही. आबा डीपीवर गेले. खटका पडलेला, तो वर केला. तिकडं ओढ्याच्या खांबावर परवेज होता.

त्याला बारामतीला नेलंय. शुद्ध नाही.

शनिवार, ११

भीमा आबांना चारचौघांत म्हणाला, म्हातारपणी डोळं गेलं का? आबा कालपासून जेवले नाहीत. याला कोणी विचारलं होतं शहाणपण?

आणि राग येतोय तो परवेजचाच! ग्रुप बंद होता हे माहीत होतं ना? मग कळवायला काय झालं होतं? मी ग्रुपवर टाकलं – ‘परवेज यांनी न कळवता काम केले. आबांचा दोष नाही.’ अठरा अंगठे आले.

दुपारी त्याची आई, मेहबूबबी, दवाखान्यातून कपडे न्यायला आली. वाटेत आमच्या दारात थांबली. आबांना म्हणाली, "तुमचा काय दोष, आबा? माझ्याच पोरानं सांगाया पायजे हुतं."

मी मान हलवली. खरंच हलवली!

रविवार, १२

दवाखान्यात कसं आहे ते विचारायला परवेजच्या भावाचा नंबर हवा होता; तो परवेजनंच मागं पाठवला होता, म्हणून आर्काइव्हमधलं त्याचं चॅट उघडलं. शुक्रवार, सकाळी सहा पन्नास –

"वहिनी, ग्रुपवर लिवता येत न्हाय. डीपी बंद केलाय. तेवढं तुमी टाका."

ग्रुप सगळ्यांना खुला केला. कालचं माझं पुसलं नाही, त्याखाली हा मेसेज टाकला. आता बारामतीला निघालेय. मेहबूबबीला वाचता येत नाही. मलाच वाचून दाखवावं लागेल.