‘चांगल्या हेडफोनवर ऐक’ या आज्ञेविषयी

चि. फुंकणीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. (‘अनेक’ हे सवयीने लिहिले आहे, मोजायला बसू नकोस.) इकडे सगळे ठीक. तुझी वहिनी रोज सकाळी पोहण्याच्या तलावावर जाऊन लोकांच्या पोरांना बुडू देत नाही आणि संध्याकाळी घरी येऊन मला तरंगू देत नाही. तुझ्या भाचीची परीक्षा झाली. पेपर कसे गेले असे विचारले की ‘गेले’ एवढेच सांगते. तुझ्या प्रकृतीविषयी मागच्या पत्रात एकच शब्द होता : ‘उत्तम’. आपल्या घराण्यात हा शब्द कसा वापरतात ते मला ठाऊक आहे. बाबा जिन्यावरून पडून मनगट मोडून बसले होते, तेव्हाही शेजाऱ्यांना ‘उत्तम’च म्हणाले होते. तो शब्द मी तूर्त बाजूला ठेवला आहे.

आता तक्रार. त्याच पत्रात, सही करून झाल्यावर, कागदाच्या कडेला तू तीन शब्द लिहिले आहेस : ‘चांगल्या हेडफोनवर ऐक.’ या तीन शब्दांपायी माझ्या आयुष्यातले तीन महिने, दोन्ही कानांच्या पाळ्या आणि वाचनालयातली बावीस वर्षांची अब्रू एवढा ऐवज खर्ची पडला आहे, याची नोंद व्हावी. हेडफोन म्हणजे काय ते मला कळते. पण ‘चांगला’ म्हणजे काय? व्याख्या कशी करावी हे बाबांनी आपल्याला ओरडून ओरडून शिकवले होते : ती नको तिथे पसरू नये, हवी तिथे आखडू नये आणि जगात नसलेल्या वस्तूची तर मुळीच करू नये. तुझ्या एका ‘चांगल्या’त हे तिन्ही दोष गुण्यागोविंदाने नांदतात. (तुझे तेव्हाही लक्ष नव्हतेच म्हणा. तू बाबांसमोर मांडी घालून, डोळे मिटून बसायचीस आणि तुझी बोटे मांडीवर बासरीची भोके चाचपत असायची. बाबांना वाटायचे, पोरगी चिंतन करते आहे. मार मी खायचो, कारण हसू मला यायचे.)

प्रकरण लहान नाही हे मला मान्य आहे. शाळेतल्या पोरांच्या बासऱ्यांतली थुंकी पंचवीस वर्षे झटकल्यावर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तू पहिल्यांदा स्वतःचे वादन मुद्रित केलेस. बावन्न मिनिटे, एकच राग, साथीला तंबोरा आणि तबला. प्रकाशक ते काढायला तयार आहे, आणि तू त्या भल्या माणसाला सांगून बसलीस की दादा ‘हो’ म्हणाला तरच. महिनाअखेर त्याला उत्तर द्यायचे आहे. आज बावीस तारीख. मधल्या काळात तुझे तीन निरोप आले आणि तिन्हींना मी ‘हेडफोन बघतोय’ असे उत्तर पाठवले. तर ते बघणे कसे चालले होते, त्याचा हा वृत्तांत.

आरंभ घरातूनच केला. तुझ्या भाचीकडे एक काळा, जाडजूड हेडफोन आहे. तो घातला की माणूस विमान उतरवायला निघाल्यासारखा दिसतो. त्यावर तुझे वादन लावले, तर बासरी कुठेतरी दोन गल्ल्या पलीकडे आणि डग्गा थेट माझ्या पोटात. प्रत्येक ठोक्याला वाटे, गच्चीवर कोणी गादी झटकते आहे. कन्या म्हणाली, “बाबा, याच्यात बेस भारी आहे, म्हणून तर घेतला.” मी म्हटले, “अगं, आत्या बासरी वाजवते.” तर म्हणाली, “मग आत्याला सांगा ना, थोडा बेस घे म्हणावं.” निरोप पोचवला आहे.

त्यानंतर मी आमच्या बाइंडरला शरण गेलो. हा गृहस्थ दिवसभर फाटकी पुस्तके शिवतो आणि शिवताना सतत वाद्यसंगीत ऐकतो. टाका आणि सम बरोबर पडतात असा त्याचा दावा आहे. तो म्हणाला, “साहेब, वाद्य ऐकायचं तर बंद डबा घेऊ नका. डब्यात आवाज उकडतो, बटाट्यासारखा. मागून जाळी असलेला घ्या. वाद्य कसं समोर येऊन बसतं बघा, चार हातांवर.” एवढे बोलून थांबला नाही, स्वतःचा जाळीचा हेडफोन शनिवार-रविवारसाठी माझ्या हवाली केला. (लोक बायकोचे दागिने गहाण ठेवतील, पण हेडफोन देणार नाहीत. या उपकाराची जाणीव मला आहे.) काय सांगू! तंबोऱ्याच्या चार तारा चार जागी वेगळ्या उभ्या. तबलजीच्या अंगठीचा डग्ग्याच्या कडेला होणारा स्पर्श. तुझ्या बासरीच्या तोंडाशी हवा कशी दुभंगते, तेसुद्धा. सोमवारी मी तो परत केला आणि सांगितले, डाव्या कानाला टोचतो. बाइंडरने माझ्या डाव्या कानाकडे पाहिले, मग उजव्याकडे पाहिले, आणि “बरं” म्हणाला. त्या ‘बरं’वर एखादा पंडित चांगली शंभर पानांची टीका लिहील.

मग दुकान. तिथला विक्रेता स्वतःच कानात काहीतरी खुपसून उभा होता, त्यामुळे आमचा संवाद पहिल्यापासून एकतर्फी. “काका, कशासाठी पाहिजे? गेम, जिम की मीटिंग?” मी म्हटले, बहिणीला ऐकायचे आहे. “मग हा घ्या, याचा माइक एक नंबर.” मी म्हटले, ती बोलत नाही, वाजवते. त्याने माझ्याकडे कौटुंबिक सहानुभूतीने पाहिले आणि नमुना म्हणून असे काही लावले की इमारत पाडण्याचे काम सुरू झाले असे वाटून मी खाली वाकलो. शेवटी मी त्याला विनंती केली की बाबा रे, काहीच लावू नकोस. आणि अशा रीतीने, काहीही न लावता, मी ओळीने सहा हेडफोन ऐकले. (ग्रंथपालाला आवाजातले कळो न कळो, शांततेतले कळते.) पाचवा भलताच आवडला. त्याचे एक बटण दाबले की बाहेरचे जग विझते. पंखा गेला, रस्ता गेला, विक्रेता नुसताच ओठ हलवत राहिला. मोक्ष म्हणतात तो हाच असणार, अशा समजुतीने तो घेतला.

मोक्ष घरी नेण्याआधी वाचनालयात नेला, ही माझी चूक. दुपारची वेळ, माझ्या डोक्यामागे ‘शांतता राखा’ ही पाटी. मी तुझा आलाप लावला, बटण दाबले आणि डोळे मिटले. पुढच्या पाऊण तासाची हकीकत ऐकीव आहे. प्रथम म्हणे वर्तमानपत्रांच्या टेबलावरचे दोन निवृत्त कुजबुजले. मी खाकरलो नाही. तेव्हा ते बोलले. तरी मी खाकरलो नाही. बावीस वर्षांत असे कधी घडले नव्हते, त्यामुळे दोघे आधी घाबरले आणि मग सुटले. पलीकडच्याने त्यांचा मुद्दा खोडला, चौथ्याने खोडणाऱ्याला खोडले, संदर्भ विभागातल्या एक बाई फोनवर कोणाला तरी कशिद्याचा टाका तोंडी शिकवू लागल्या, आणि थोड्याच वेळात तिथे जत्रा भरली. मी डोळे उघडले तो समोर आमच्या समितीच्या अध्यक्षीणबाई. तोंड लाल, ओठ हलताहेत, आवाज नाही. आणि मी काय केले असेन? मी तर्जनी ओठांवर ठेवली. हात आपोआप जातो ग! अध्यक्षीणबाईंना ‘शूऽऽ’ करणारा मी या संस्थेच्या इतिहासातला पहिला सेवक ठरलो. त्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला आहे. खुलाशाच्या शेवटी मी हा स्वरचित श्लोक जोडला :

न श्रुतं मधुरं किञ्चिन्न च वार्ता गृहे श्रुता ।
श्रमस्तु सुमहाञ्जातः कर्णौ रक्तौ च केवलम् ॥

(गोड असे काही ऐकले नाही, घरातली बातमीही ऐकली नाही, श्रम मात्र मोठे झाले आणि कान तेवढे लाल झाले. बाबा असते तर वृत्ताला दहापैकी नऊ गुण आणि आशयाला एक थप्पड मिळाली असती.)

दुकानदाराने तो मोक्ष बदलून जाळीचा दिला. म्हणजे बाइंडरने पहिल्याच आठवड्यात सांगितला होता तोच प्रकार. पण जाळीच्या हेडफोनची एक खोड असते : बाहेरचे सगळे आत येते आणि आतले सगळे बाहेर जाते. तुझ्या आलापात फ्रिज दुसरा तंबोरा लावून बसू लागला. स्वयंपाकघरात भाजी चिरली जाई ती नेमकी तबल्याच्या आड लयीत. घरात शांत जागा म्हणून एकच उरली. कपड्यांचे कपाट. कोटांच्या खाली, बुटांच्या वर, गुडघे हनुवटीला लावून बसले की आत एखाद्या ध्वनिमुद्रणशाळेसारखी शांतता असते. (डांबरगोळ्यांचा वास तेवढा सोसावा लागतो.) मागच्या रविवारी मी असा बसलेला असताना दार उघडले. दारात तुझी वहिनी.

“अहो, कपाटात वन्सं वाजतायत असं वाटलं म्हणून उघडलं, तर तुम्ही!”

मी म्हटले, “ऐकतोय.”

“ते दिसतंय. माझा लोकरीचा कोट बुडाखाली घेऊन ऐकताय. सरका जरा.”

आणि ती चक्क दाराशी फतकल मारून बसली. हेडफोनची एक वाटी तिच्या कानाला, एक माझ्या. लग्नाला तेवीस वर्षे झाली, पण इतके जवळ बसून इतका वेळ न भांडता आम्ही काही ऐकल्याचे मला आठवत नाही. पूर्ण बावन्न मिनिटे. भाची एकदा येऊन बघून गेली आणि मैत्रिणीला फोनवर म्हणाली, “काही नाही गं, आई-बाबा कपाटात आहेत.”

तेव्हा निकाल. हो. द्यावे. निःसंशय द्यावे. विसाव्या मिनिटानंतर तू तो कोमल निषाद नुसता दाखवून परत फिरतेस आणि मग बराच वेळ आम्हाला त्याची वाट पाहायला लावतेस, आणि तो येतो तेव्हा हळूच, दार न वाजवता येतो. त्या जागी मी ‘वाहवा’ म्हणून उठलो आणि डोके कोटांच्या दांडीवर आपटले. टेंगूळ अजून आहे. यापेक्षा मोठी दाद मी कोणाला दिलेली नाही. प्रकाशकाला आजच कळव.

भाचीचा नमस्कार. वहिनीचे ती स्वतः कळवणारच आहे.

तुझा,
दादा

ता. क. : तुझ्या स्वतःसाठी घ्यायचा झाल्यास जाळीचाच घे, वजनाला हलका, आणि दुकानात आपले वादन बरोबर ने. विक्रेत्याला काहीही समजावून सांगू नकोस.

ता. क. २ : बाइंडरचा हेडफोन माझ्या डाव्या कानाला टोचत नव्हता. त्या शनिवारी मी त्यावर पहिल्यांदा सगळे नीट ऐकले. वरच्या षड्जावरून खाली येणारी ती लांब ओळ तू शाळेच्या सभागृहात वाजवायचीस तेव्हा एका श्वासात पार करायचीस. आता तिथे तीन श्वास लागतात. आणि प्रत्येक श्वास आत घेताना एक बारीक शीळ वाजते, ती बासरीची नाही. ऐकणाऱ्याला ती वादनाचाच भाग वाटेल इतक्या सफाईने तू ती झाकली आहेस. मी चांगला हेडफोन शोधत नव्हतो. ज्यात ती शीळ ऐकू येणार नाही, असा शोधत होतो. शेवटी भाचीचा तो गादी झटकणारा पुन्हा मागून घेतला. त्यातही येते.

ता. क. ३ : कपाटात तुझी वहिनी बोटांवर काहीतरी मोजत होती. मला वाटले, मात्रा मोजते आहे. पोरांचे श्वास मोजणे हा तिचा रोजचा धंदा, हे मी विसरलो होतो. वादन संपल्यावर म्हणाली, “वन्संचा हिवाळ्यातला खोकला गेलेलाच नाही. तुम्हाला हे कधी कळलं?” मी म्हटले, आत्ताच. ती म्हणाली, “खोटं.” मग कोट झटकून जागच्या जागी टांगत राहिली. पुढच्या मंगळवारी अकरा वाजता तिने छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तुझ्या नावाने. ती रजा काढून तुझ्याबरोबर आत येणार आहे. माझा ‘हो’ या भेटीवर अवलंबून नाही. डॉक्टर काहीही म्हणाले तरी तुझे वादन निघालेच पाहिजे.

फोनवर तू विषय बदलतेस आणि मी तो बदलू देतो, म्हणून हे पत्र. आईच्या शेवटच्या वर्षी जिना चढताना तिचा श्वास असाच वाजायचा. मला तो ऐकू यायचा आणि मी कोणालाही सांगितले नाही. मला फार भीती वाटते आहे. सोमवारीच निघून ये.