गाळलेले नववे प्रकरण

मी, सुनंदा ल्याव, माहेरची करंबेळकर, वय ६६, निवृत्त जपानी दुभाषी, मूळ पुण्याची, सध्या राहणार सनाबिस, बहरीन, हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहीत आहे. रक्तदाब सोडला तर प्रकृती ठीक आहे, डोके ठिकाणावर आहे आणि हे लिही असे मला कोणी सांगितलेले नाही.

१. कोथरूडची सदनिका व बँकेतील ठेवी माझी एकुलती मुलगी आर्या हिला.

२. सनाबिसचे घर भाड्याचे आहे. त्यातले सामान खालच्या मजल्यावरच्या सुमय्याला. माझ्या पतींच्या आजारपणात रोज तिच्याकडून माशाचे कालवण येई.

३. थोरले बंधू चंद्रशेखर ‘चिनी जावई’ म्हणून आमच्या लग्नाला आले नाहीत. नवरा तैवानचा आहे, हे मी पुष्कळदा सांगून पाहिले. बंधूंना भिंतीवरचा तैवानचा नकाशा द्यावा.

४. माझे पती कै. डॉ. ल्याव वेनथाई यांनी चीन-जपान संबंधांवर वीस वर्षे खपून एक ग्रंथ जपानीत लिहिला. नोकरी माझी, म्हणून ते तोक्यो सोडून इथे आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत राहिले. नववे प्रकरण त्यांच्या वडिलांविषयी होते. तैवानवर जपानचे राज्य असताना वडील जपानी सैन्याबरोबर दुभाषे म्हणून चीनमध्ये गेले आणि कैद्यांच्या चौकशीत बसले. प्रकाशकांना ते प्रकरण नको होते. “हा माणूस नेमका कोणाच्या बाजूचा?” असे त्यांनी विचारले. “तेच तर लिहिलंय,” असे यांनी कळवले. छपाई थांबली.

मार्च २०२३ मध्ये डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून यांचे दोनच महिने उरल्याचे सांगितले. पुस्तक त्यांच्या हाती पडावे म्हणून मी त्यांच्या नावाने प्रकाशकांना पत्र लिहिले : प्रकरण गाळण्यास हरकत नाही. सहीही मीच केली.

पुस्तक आले. त्यांनी अनुक्रमणिका पाहिली.

“तू?”

“हो. तुमच्यासाठीच.”

त्यांनी पुस्तक मिटले. मग म्हणाले, “बाबा जन्मभर दुसऱ्यांचं बोलले. त्यांचं स्वतःचं एवढंच होतं.”

पुस्तक त्यांनी पुन्हा उघडले नाही. माझ्याशी मात्र शेवटपर्यंत मायेने वागले. मला सोसत नाही ते हेच.

५. गेल्या शुक्रवारी हे सगळे मी आर्याला सांगितले. तिला मराठी कळते, उत्तर इंग्रजीत येते. “आई, आय वॉन्ट टू रीड इट,” एवढेच ती म्हणाली. तिला जपानी येत नाही, म्हणून त्या प्रकरणाचे इंग्रजी भाषांतर करून ठेवले आहे. एक ओळही सोडलेली नाही.

हस्तलिखित व त्याचे सर्व हक्क आर्याला. तिने ग्रंथ संपूर्ण छापावा. प्रकरण लेखकाने नव्हे, त्याच्या पत्नीने गाळले होते, हे प्रस्तावनेत माझ्या नावानिशी यावे. आर्या म्हणते, नाव नको. नाव हवे.

वरील मजकूर, चौथे कलम धरून, दोघा साक्षीदारांना मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवला आणि मग त्यांच्यासमोर सही केली.

सही : सुनंदा ल्याव
साक्षीदार : १. निहार वेलणकर, लेखापाल २. ओवैस काझी, राहणार मीना सलमान बंदर
स्थळ : सनाबिस, बहरीन
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५