सरांच्या कानात

१२ मार्च

प्रिय खारूताई,

तुम्ही दोघं आणि बाळ मजेत असाल. माझा गुडघा सोडला तर इकडे सगळं ठीक. तुझे बाबा, आमचे सर, गेल्यापासून वाहिनीवर रोज त्यांच्या प्राण्यांच्या कार्यक्रमाचे जुने भाग दाखवतायत. स्टुडिओच्या फाटकापाशी मुलांनी काढलेल्या प्राण्यांच्या चित्रांचा ढीग पडलाय. एका चित्रात तुझे बाबा कासवापेक्षा लहान आहेत. त्यांना फार आवडलं असतं.

श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात मी बोलावं, असं निर्मात्यांचं म्हणणं आहे. "इतकी वर्षं कॅमेऱ्यामागे तुम्हीच होतात, तुमच्याइतकं कोण सांगणार?" मी गुडघ्याचं निमित्त पुढे केलं. खरं कारण वेगळं आहे. ते गेले तेव्हा तू आलीस आणि कुणाशी न बोलता परतलीस. मला जे आधी तुला सांगायचं होतं, ते गर्दीत सांगण्यासारखं नव्हतं.

पाणमांजराचा तो भाग तू पाहिला असशील. आई पिल्लाला पाण्यात ढकलते आणि सर हळूच म्हणतात, "घाबरलंय ते. तीही घाबरलीय, पण दाखवत नाहीये." लोकांनी तो भाग डोक्यावर घेतला.

खारूताई, सरांना ते पाणमांजर दिसत नव्हतं. नदीही दिसत नव्हती.

डोळे आधीपासून अधू होत चालले होते, शेवटी पार गेले. त्यांच्या कानात इअरफोन असायचा आणि मी कॅमेऱ्यामागून कुजबुजायचे, "पिल्लू दगडावर. पाय आखडलेत. आई नाकाने ढुशा देतेय." एवढ्यावरून ते बाकीचं बोलायचे. मी, साउंडवाला आणि डॉक्टर सोडून कुणालाच माहीत नव्हतं. "कळलं तर कार्यक्रम बंद करतील," म्हणायचे. "आणि खारूताईला तर मुळीच सांगू नकोस. नोकरी सोडून माझा हात धरायला येऊन बसेल." मी शब्द दिला होता. आज मोडतेय.

कारण तू बाळाला घेऊन घरी आलीस तो दिवस. तू तिला त्यांच्या मांडीवर ठेवलंस आणि ते खिडकीकडे तोंड करून बसून राहिले. कुणासारखी दिसते, एवढंही बोलले नाहीत. "लांडग्याच्या पिल्लांवर तासभर बोलता बाबा, हिच्यावर एक वाक्य नाही?" असं म्हणून तू तिला उचलून निघून गेलीस, नंतर फोनही उचलला नाहीस. हे त्यांनीच मला सांगितलं. मी म्हटलं, "सर, आता तरी सांगून टाका." तर म्हणाले, "रागावलीय ना? मग ठीक आहे. रागावलेलं माणूस आपल्या कामाला लागतं." त्यांचा हट्टीपणा तुला का नवा आहे!

त्या दिवशी तू ठेवून गेलेला बाळाचा फोटो त्यांच्या खिशात असायचा. शूटिंगला जेवणाची सुट्टी झाली की माझ्यापुढे धरायचे. "सांग."

"कपाळ मोठं. मूठ गालाखाली."

"अशी घाई नको. पाणमांजराचं सांगतेस तसं नीट सांग. भुवया कशा आहेत?"

"उगवल्यात कुठे अजून!"

पोट धरून हसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो, पुन्हा भुवया. एकदा तो खिशात ठेवता ठेवता म्हणाले, "मांडीवर होती तेव्हा तिने माझं बोट धरलं होतं. सोडवेना. पकड चांगली आहे."

कार्यक्रमात हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. नको म्हणालीस तर मी जाणारच नाही. मात्र एकदा बाळाला घेऊन ये. इतक्यांदा तिचं वर्णन केलं, पण फोटो सोडला तर मी तिला अजून पाहिलेलं नाही.

तिला माझा एक पापा, आणि एक त्यांचा राहिलेला.

तुझी,
कॅमेरावाली मावशी