हार्ड डिस्क मी पळवली आहे

चिरंजीव,

कॉम्प्युटरचा डबा उघडा दिसेल. चोर आला नव्हता. आतली हार्ड डिस्क तुझ्या बापानेच काढून नेली आहे.

आठवडाभर मी कानीकपाळी ओरडत होतो की आत टकटक होतेय. तुम्ही हसलात, "बाबांची आणखी एक थाप!" वाघाला चहा पाजल्याची गोष्ट मी रचली होती, कबूल. पण चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला आजारी टकटक कळते रे! काल फाइली गायब झाल्या, तर तू म्हणालास, "उद्या फॉरमॅट मारून मोकळा होतो." तू होशील मोकळा. सूनबाईने दोन वर्षं मुंग्यांच्या मागे रांगून लिहिलेला प्रबंध आहे त्यात.

सकाळी फोन डब्याला लावून दुरुस्तीवाल्याला तो आवाज ऐकवला. तो ओरडलाच, "आजोबा, आधी बंद करा! डिस्क शेवटच्या घटका मोजतेय, पण फाइली अजून निघू शकतील." म्हणून त्याच्याकडे निघालोय. अडवायला येऊ नकोस, मी ऐकणार नाही.

दूध तापवून ठेवलंय.

सूनबाईला प्रबंध गेला असं सांगू नकोस. मी परत येऊन सांगेपर्यंत तो गेलेला नाही.

बाबा