करड्या ट्रॅक्टरवरचा उसना रेडिएटर

मी, मॅलाकी जोसेफ टार्पी, वय वर्षे एक्क्याऐंशी, अविवाहित, धंदा शेती, राहणार किल्टोबर, परगणा गॉलवे, आयर्लंड, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. कंबरेचा सांधा ठिकाणावर नाही, पण त्याबद्दल कायदा काही विचारत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. भाची डिंपना शेजारच्या खोलीत भांडी आपटते आहे, ते दडपण नव्हे, तिची कामाची पद्धत आहे. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यातल्या निम्म्या माणसांना मी स्वतःच पोचवून आलो, म्हणून ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर व त्यामागची अकरा एकर जमीन डिंपनाला द्यावी. या कागदाची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण मी सांगितले नाही तरी ती करणारच आहे. छप्पर उत्तरेकडून गळते, हे तिला माहीत आहे. बादली कुठे ठेवायची तेही माहीत आहे.

कलम २. पोस्टातल्या शिलकीतून माझ्या मयताचा खर्च करावा. आलेल्यांना चहाबरोबर हॅमचे सँडविच द्यावेत, अंड्याचे देऊ नयेत. माझ्या भावाच्या वेळी अंड्याचे होते आणि लोक अर्ध्या तासात घरी गेले.

कलम ३. माझी सर्व हत्यारे परगण्याच्या जुन्या ट्रॅक्टरांच्या क्लबला द्यावीत. मोठा पाना त्यांच्याकडे आधीच आहे. कोणी नेला ते मला ठाऊक आहे, पण मेलेल्या माणसाने चहाड्या करू नयेत.

कलम ४. क्लबच्या मेळाव्याचे परीक्षक श्री. फिंटन हेशन यांना माझी मोजपट्टी द्यावी. माझ्या ट्रॅक्टरचे बॉनेट पाऊण इंच वर राहते, असे सांगून त्यांनी मला ओळीने अकरा वर्षे दुसरा नंबर दिला. मी नंतर मोजले. बॉनेट एक इंच वर होते. माणूस मनाने उदार आहे हे मी येथे मान्य करतो.

कलम ५. १९५१ साली माझ्या वडिलांनी नवा घेतलेला करडा ट्रॅक्टरही डिंपनाला द्यावा. तो का वर्षानुवर्षे वाकड्या बॉनेटने फिरला हे तिला नीट माहीत असावे, म्हणून लिहितो.

जानेवारी १९८२ मध्ये कडाक्याचा गारठा पडला. अशा दिवसांत संध्याकाळी रेडिएटरची तोटी सोडून पाणी काढून टाकायचे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. त्या संध्याकाळी शाळेच्या खोलीत पत्त्यांचे डाव होते आणि बक्षीस म्हणून मेजवानीसाठी पोसलेला एक हंस ठेवला होता. मी पाणी सोडायला विसरलो. हंस मी जिंकला. सकाळी पाहतो तर रेडिएटर गोठून उभा फाटलेला.

रस्त्यापलीकडचा पॅकी ग्रीली माझा लहानपणापासूनचा शेजारी. त्याचा निळा ट्रॅक्टर तेव्हा गिअर मोडून गोठ्यात पडून होता. त्याने त्याचा रेडिएटर काढला, खांद्यावर टाकून आणला, पट्ट्या घासून माझ्या करड्यावर कसाबसा बसवून दिला. जात वेगळी, माप वेगळे, वरचे बॉनेट नीट बसेना, पण पाणी थेंबभर गळेना. पैसे विचारले तर म्हणाला, "गप रे. तुला तुझा मिळेपर्यंत वापर."

मला माझा मिळायला बत्तीस वर्षे लागली. २०१४ साली मी योग्य जातीचा रेडिएटर शोधून बसवला, बॉनेट एकदाचे बसले आणि श्री. हेशन यांनी मला पहिल्या नंबराचा चषक दिला. त्याच आठवड्यात कॉर्ककडचा एक गृहस्थ अंगणात आला. जुना रेडिएटर भिंतीला टेकवलेला त्याने पाहिला, किंमत विचारली, आणि मी दहा मिनिटांत विकून टाकला. आमच्या रीतीप्रमाणे हातावर हात मारला आणि शकुनाचे म्हणून दोन युरो त्याला परतही दिले. दुसऱ्याची वस्तू विकली आणि वर शकुनही केला.

नऊ दिवसांनी पॅकी मागच्या दाराशी आला.

"मॅलाकी, माझा रेडिएटर काढलास म्हणे. दे, नेतो. निळा पुन्हा उभा करतोय. ब्रायडीला लग्नाच्या दिवशी त्यावरच घरी आणली होती. पुढच्या महिन्यात पन्नास वर्षं होतील, तेव्हा तिला चर्चला त्यावरनंच नेणार."

मी म्हणालो, "विकला."

"कुणाचा?"

एवढेच त्याने विचारले आणि गेला. ब्रायडी चर्चला मोटारीतून गेली. त्याला आज दहा वर्षे झाली. आमच्या दोन फाटकांमध्ये बारा फूट रस्ता आहे आणि या दहा वर्षांत पॅकी माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. चषक मी कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवला आहे.

कलम ६. कॉर्कच्या गृहस्थाने तो रेडिएटर पुढे कोणाला विकला, त्याने कोणाला, हे शोधत मी सव्वीस पत्रे लिहिली. शेवटी टिपररीत तो सापडला आणि मी परत विकत घेतला. किंमत लिहीत नाही. लिहिली तर माझ्या डोक्याबद्दलच्या वरच्या विधानावर कोणी विश्वास ठेवणार नाही. चार वर्षे तो सरपणाच्या छपरीत घोंगडीखाली आहे. तीनदा मी तो ढकलगाडीत घालून फाटकापर्यंत नेला आणि तीनदा परत आणला. पॅकी दार लावून घेईल, याची मला भीती वाटते. म्हणून माझ्या मृत्यूनंतर, त्याआधी नव्हे, डिंपनाने तो पॅट्रिक उर्फ पॅकी ग्रीली याला नेऊन द्यावा आणि सांगावे की चूक मामाची होती.

सहीपूर्वी माझ्या हस्ताक्षरात केलेली दुरुस्ती:

आज वकीलबाई लॅली सह्या घ्यायला घरी आल्या, पण त्यांच्या कारकुनाची गाडी सुरू झाली नाही. साक्षीदार दोन लागतात. डिंपनाला घर मिळणार, म्हणून तिची सही चालत नाही. ती कोणालाही न विचारता रस्ता ओलांडून गेली आणि पॅकीला घेऊन आली. सहीला बोलावले तर आमच्याकडे शेजारी नाही म्हणत नाही, मग बोलचाल असो वा नसो. तो टोपी न काढता दारातच उभा राहिला.

वकीलबाई म्हणाल्या, "ग्रीली, या कागदात तुमच्या नावाने काही असेल, तर साक्षीदार झाल्यावर ते तुम्हाला मिळत नाही. काही आहे का?"

"ह्याच्याकडनं? दहा वर्षांत ह्याच्याकडनं मला सर्दीसुद्धा मिळाली नाही."

बाई माझ्याकडे पाहू लागल्या. डिंपना म्हणाली, "मामा, बोल की आता."

मी म्हणालो, "सहावं कलम खोडा," आणि काठी घेऊन छपरीकडे निघालो. पॅकी मागून आला.

"हळू चाल. फरशी ओली आहे. पडून मेलास तर सही कोण करणार?"

मी घोंगडी काढली. १९८२ साली त्याने कानशीने घासलेल्या खालच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला.

"कधीपासून आहे इथं?"

"चार वर्षं."

"आणि देणार कधी होतास?"

"मेल्यावर."

तो सरपणाच्या ढिगावर बसला. "वा रे शहाण्या! तुझ्या शवपेटीमागनं मी तोंड फुगवून चाललो असतो. मग तुझ्या भाचीनं हे आणून दिलं असतं. मग मी भांडायचं कुणाशी? आणि माफ कुणाला करायचं?"

मी म्हणालो, "चूक माझी होती, पॅकी." तो म्हणाला, "ते मला दहा वर्षं माहितीये. उचल ती बाजू."

दोघांनी मिळून ढकलगाडी फाटकातून बाहेर काढली. ब्रायडीने दार उघडेच ठेवले होते.

सबब कलम ६ रद्द. येत्या शनिवारपासून दोघांनी निळ्या ट्रॅक्टरचे काम काढायचे ठरले आहे आणि ते दोन हिवाळे तरी चालेल. या मृत्युपत्राचा अंमल त्याआधी होऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

किल्टोबर, दिनांक १९ सप्टेंबर २०२४.

(सही) मॅलाकी जोसेफ टार्पी

आम्ही दोघे एकत्र हजर असताना वरील सही झाली.

साक्षीदार पहिली: (सही) ग्रेस लॅली, वकील.

साक्षीदार दुसरा: (सही) पॅट्रिक ग्रीली, शेजारी. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही.